निरोगी गटातली ताई

मला रागात नीट लिहिता येत नाही. राग आला की माझी वाक्यं तुटतात, आणि बोलताना तर मी एरवीही अडखळतेच. म्हणून हे लिहायला मी बरेच महिने थांबले. थांबल्यावर राग कमी होईल असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही.

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. बाबा उरल्याच्या कारखान्यांच्या वसाहतीत, लोखंडाच्या रोलिंग मिलमध्ये आहेत, आई घरी ब्लाउज शिवते. आजोबा भंडाऱ्याकडून रेल्वेच्या कामासाठी रायपूरला आले आणि पुढे आम्ही रायपूरलगतच्या बीरगावचेच झालो. माझ्याहून मोठी ताई दहावीनंतर बिस्किटाच्या कारखान्यात पॅकिंगला लागली. तिचं शिक्षण थांबलं आणि माझं चालू राहिलं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे हे आमच्या घरात कुणी बोलत नाही, पण सगळ्यांना माहीत आहे.

माझा विषय प्राणिशास्त्र. दुसऱ्या वर्षाला अंतःस्रावी ग्रंथींचा धडा होता. सर फळ्यावर आकृती काढत होते आणि मला त्या आकृतीच्या जागी ताई दिसत होती. शाळेत असल्यापासून तिची पाळी दोन-दोन, तीन-तीन महिने यायची नाही, आणि आली की थांबायची नाही. मग हनुवटीवर केस आले, ओठांवर आले, कानाखालून गळ्यापर्यंत आले. अर्धी पोळी कमी खाऊनसुद्धा ती जाड होत गेली. कारखान्यात बायका तिला ‘मूँछवाली दीदी’ म्हणायच्या. ती बाबांच्या रेझरनं हनुवटी साफ करायची. ब्लेड लवकर बोथट व्हायचं, पण बाबांनी कधी विचारलं नाही. ते गुपचूप नवीन ब्लेड आणून ठेवायचे. मास्क लावायचे दिवस संपले, सगळ्यांच्या तोंडावरचे मास्क गेले, ताईचा राहिला.

आणि तिची मान. मागून ती काळी आणि जाड झाली होती, हात लावला तर जुन्या मखमलीसारखी लागायची. आई त्याला मैल म्हणायची, अंगावरचा मळ. रविवारी न्हाणीत ताईला पाटावर बसवून, पाय घासायची वजरी घेऊन आई तिची मान घासायची. ताई दोन्ही हातांनी बादलीचा काठ धरून बसायची. रक्तात इन्सुलिन वाढलं की कातडी अशी होते, तिथं घासून निघण्यासारखं काही नसतं, हे मी धड्यानंतर आईला सांगितलं.

“पुस्तकात लिहिलं हाय म्हणून पोट्टी घाण ठेवू काय?” आई म्हणाली.

वजरी उचलून मागच्या नालीत टाकून द्यावी असं मला वाटत होतं.

त्याच वर्षी नव्या रायपुरातल्या एका संस्थेची माणसं आमच्या कॉलेजात आली. बायकांमधले हार्मोनचे विकार आणि त्यांचा शरीरावर होणारा परिणाम, असा त्यांचा अभ्यास होता. वस्त्यांमध्ये जाऊन तपासणी करायची होती आणि त्यांना स्थानिक भाषा बोलणाऱ्या मुली हव्या होत्या. मला मराठी, हिंदी आणि छत्तीसगढी येते, म्हणून मला घेतलं. प्रशिक्षणात टेपनं कंबर कशी मोजायची, वजनकाटा कसा लावायचा, बायकांना ओळीत कसं बसवायचं, एवढं दाखवलं. बाकीचं डॉक्टर बघतील असं सांगितलं. जिच्यात विकार सापडेल तिची सोनोग्राफी, रक्ताच्या तपासण्या आणि पुढचे उपचार संस्था फुकट करणार होती. मी हात वर करून विचारलं, आमच्या बीरगावातही येणार का? ते म्हणाले, तुम्ही जागा मिळवून द्या.

मी समाज भवन मिळवून दिलं. आमच्या पारात, म्हणजे मोहल्ल्यात, घरोघरी मीच सांगितलं. ताईला सांगितलं तेव्हा ती भाकरी थापत होती.

“खरंच बघतीन का वो?” तिनं विचारलं. “का फक्त वजन करून, कमी खा म्हणतीन?”

“बघतील. हार्मोनचंच आहे ते.”

“मग कोणी तरी सांगन मले काय झालं ते.” ती एवढंच म्हणाली आणि भाकरी उलटली. तिला बरं व्हायचं होतंच, पण त्याआधी तिला हे हवं होतं: तिला काहीतरी झालं आहे, ती खादाड नाही, घाण नाही, हे कुणीतरी शिकलेल्या माणसानं सांगणं.

आता जे झालं ते बाहेरच्या माणसाला खोटं वाटेल, पण आमच्याकडे ते अगदी साधं आहे. नव्या रायपुरातून डॉक्टर मॅडम येणार म्हटल्यावर पारातल्या सगळ्या बायका तयार झाल्या. लग्नाला जाताना होतात तशा. मोठ्या माणसापुढे जायचं तर नीट जायचं. शिबिराच्या आदल्या दिवशी आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या पार्लरमध्ये बसायला जागा नव्हती. आईनं ताईलाही नेलं. मी कॉलेजातून थेट तिथं पोचले तेव्हा पार्लरवाली दीदी ताईची मान मागे करून दोऱ्यानं हनुवटी ओढत होती.

“पूरा खेत है तुम्हारा,” दीदी हसत म्हणाली. “डॉक्टर के आगे हीरोइन बनके जाना.”

“हातपाय पण करून टाक,” आई म्हणाली. “उद्या डॉक्टरनी हात लावन त काय म्हणन, कसे ठेवले पोरीले.”

“रिश्ता भी आया है न, काकी?”

“गोंदियाचे हायेत. बघू.”

ताईच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, दोऱ्यानं येतं तसं. मला काहीच खटकलं नाही. का खटकावं? मला त्या अभ्यासातलं कुणी काही सांगितलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं वजरी घेतली. शिबिरात ताई आली ती मान लालभडक, वरून पावडर.

समाज भवनात मी कंबर मोजायच्या टेबलावर होते. पलीकडे पडद्याआड एक तरुण डॉक्टर मॅडम बसल्या होत्या. बायका आत जाऊन पटापट बाहेर येत होत्या. टेप आणायला मी आत गेले आणि त्यांच्या टेबलावरचा तक्ता बघितला. बाईच्या शरीराची चित्रं, नऊ जागा: ओठ, हनुवटी, छाती, पोट, पाठ, दंड, मांड्या. प्रत्येक जागी केस किती, त्याप्रमाणे गुण. ते गुण आणि पाळीचा इतिहास यांवरून ठरणार होतं की बाई पुढच्या तपासणीला जाणार की आजारी बायकांशी तुलना करायला ठेवलेल्या निरोगी गटात.

समोर ताई बसली होती. तिच्या बाजूला आई. लग्नाच्या मुलीबरोबर आई आत जाणारच, ते कुणी अडवत नाही. मॅडमनी ताईची हनुवटी वर केली, बघितली, शून्य लिहिलं. ओठ, शून्य. दंड, शून्य.

“माहवारी रेग्युलर है?”

“हव, बरोबर येते,” आई म्हणाली. ताईनं तोंड उघडलं होतं. पडद्याच्या पलीकडे अर्धा मोहल्ला बसला होता, आणि आईचा हात ताईच्या मांडीवर होता.

“ये गर्दन पे क्या हुआ? खुजली?”

“हव मॅडम, खुजली.”

तेव्हा माझ्या लक्षात आलं. आदल्या दिवशीचं पार्लर, सकाळची वजरी. मी म्हणाले, “मॅडम, इनका कल ही थ्रेडिंग हुआ है. वैक्सिंग भी. और पीरियड…” आईनं माझ्याकडे असं बघितलं की पुढचा शब्द मला सुचला नाही.

मॅडम चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या थकलेल्या आवाजात म्हणाल्या, “जो दिखेगा वही लिखेंगे न. बाहर लाइन देखी है?”

“पर मॅडम, सब पार्लर से आई हैं. सब.”

“तुम टेप ले जाओ.”

मी टेप घेऊन बाहेर आले. पुढच्या बाईची कंबर मोजली. तिच्या ओठांच्या वरही ताजी लाली होती. मी तिच्याकडे बघत राहिले तर ती म्हणाली, “काहून बघून राहिली वो? चांगलं नाही दिसत काय?”

नंतर मला कळलं की महिनाभर केस काढायचे नाहीत, अशी सूचना त्यांच्या कागदपत्रांत पहिल्यापासून होती. इंग्रजीत होती, डॉक्टरांसाठी होती, आणि ती बायकांपर्यंत पोचवायचं काम कुणाचं हे कुणालाच माहीत नव्हतं. इतकी शिकलेली माणसं, इतकी यंत्रं, बाहेर एसी गाडी उभी, आणि बीरगावची बाई डॉक्टरकडे कशी जाते हे एकालाही माहीत नाही. विचारावंसंही वाटलं नाही. मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. टेप धरायला मात्र मी चालत होते.

ताई निरोगी गटात गेली. उंची, वजन, बीपी, बोट टोचून साखर, झालं. आठवड्यानं चिठ्ठी आली, सगळं सामान्य. आईनं ती प्लास्टिकच्या पिशवीत घालून देवाजवळ ठेवली आणि गोंदियाला फोन लावला. मी शेजारीच अभ्यास करत होते.

“नव्या रायपूरच्या डॉक्टरनं तपासलं आमच्या पोरीले,” आई म्हणत होती. “काही नाही निघालं. एकदम ठीक.”

ताई भिंतीला टेकून बसली होती. फोन झाल्यावर ती म्हणाली, “मंग आता मी आपलीच जाडी होऊन राहिली, नाही काय? आपलीच दाढी येऊन राहिली. डॉक्टरनं सांगून टाकलं.”

“असं नको बोलू,” आई म्हणाली.

“मीच घाण हाय मंग.”

ती ओरडली नाही. मला मात्र ओरडायचं होतं, आणि कुणावर हे ठरत नव्हतं. आईवर ओरडले असते तर आई रडली असती. तिनं जे केलं ते मुलीचं बरं दिसावं म्हणून. डॉक्टर मॅडमनी जे दिसलं ते लिहिलं. प्रत्येकाकडे कारण होतं. ताईच्या वाट्याला तेवढं शून्य आलं.

मी नव्या रायपूरला गेले. बस मंत्रालयाच्या अलीकडे सोडते, पुढे रुंद रस्त्यावरून चालावं लागतं, सावली नसते. अभ्यासाच्या प्रमुख डॉक्टरांना मी अडखळत सगळं सांगितलं. त्यांनी ऐकलं, हे मी मान्य करते. म्हणाले, महिनाभर केसांना हात लावू नका म्हणावं, मग बहिणीला ओपीडीत आणा, आम्ही नव्यानं बघू. मी विचारलं, आणि बाकीच्या बायका? ते म्हणाले, एक-एक करून बघू या. मोठी माणसं नाही म्हणायचं असलं की असं म्हणतात.

घरी सांगितलं तर आईनं कपाळावर हात मारला. “महिना? त्या महिन्यात गोंदियाचे येऊन राहिले पाहायले.”

“येऊ दे,” ताई म्हणाली.

“पागल झाली काय तू? दाढी ठेवून बसशील पाहुण्यायसमोर?”

“हव.”

त्या महिन्यात आमच्या घरात आई आणि ताई माझ्यामार्फत बोलत होत्या. ताईनं मास्क काढला. का ते मला सांगितलं नाही. कारखान्यात जाताना, नळावर, किराण्याच्या दुकानात ती तोंड उघडं ठेवून जायची. केस वाढत गेले, काळे, राठ. गल्लीतली पोरं ‘भैया’ म्हणून हाक मारायची. एकदा पार्लरवाल्या दीदीनं तिला दारातूनच बोलावलं, “आ जा, फ्री में कर देती हूँ, देखा नहीं जाता.” ताई म्हणाली, “तो मत देख.” मी सोबत होते. मला हसू आलं, आणि मग त्या हसण्याचाच राग आला, कारण ताई मागे न बघता भराभर पुढे निघून गेली होती.

गोंदियाचे आले. मुलगा, त्याची आई, एक मामा. आईनं ताईला हनुवटी झाकेल असा पदर घ्यायला सांगितलं होतं. ताईनं चहाचा ट्रे खाली ठेवला आणि पदर खांद्यावरच राहू दिला. मुलाच्या आईनं बघितलं, मामानं बघितलं, मुलगा मोबाइलकडे बघायला लागला.

“हे काय हो बाई?” मुलाच्या आईनं आमच्या आईला विचारलं. ताईला नाही. समोर बसलेल्या ताईला नाही.

“मले विचारा नं,” ताई म्हणाली. “हार्मोनचा आजार हाय. पाळी पण बरोबर नाही येत. तपासणी व्हायची हाय, मंग दवा सुरू होईन.”

“तुमी त म्हणल्या डॉक्टरनं ठीक सांगितलं.”

“डॉक्टरले दिसलं नाही.”

मामा उठला. म्हणाला, गाडीचा टाइम झाला. गाडीला बराच वेळ होता. जाताना मुलाची आई दारात थांबून म्हणाली, “लपवलं नाही हे बरं केलं. पण लेकरंबाळं व्हायची, घर चालवायचं, आमाले बी पाहा लागते.” आणि हे ती दयेनं बोलली. त्या दयेनं मला जितकी चीड आली तितकी त्या पोरांच्या ‘भैया’नं आली नव्हती.

आई दोन दिवस जेवली नाही. बाबा पहिल्यांदाच बोलले. रात्रपाळीहून येऊन बूट सोडता सोडता म्हणाले, “मी येतो उद्या तुमच्यासंग.” आईनं ऐकलं आणि कूस बदलली.

ओपीडीत त्याच तरुण मॅडम होत्या. त्यांनी ताईला ओळखलं नाही. तक्ता काढला, चित्रं तीच. या वेळी त्या एका-एका जागी थांबून आकडा लिहीत होत्या. पाळीचं विचारलं तेव्हा ताईनं सगळं सांगितलं, शाळेपासूनचं, न थांबता. बाबा बाहेर बाकावर होते. दार अर्धवट उघडं होतं, त्यांना ऐकू जात असणार. सोनोग्राफी झाली, रक्त गेलं. पुढच्या खेपेला प्रमुख डॉक्टरांनी समोर बसवून सांगितलं: अंडाशयाचा विकार आहे, पुरुषी हार्मोन वाढलेलं आहे, इन्सुलिनही वाढलेलं आहे, मानेचं काळेपण त्यामुळेच. लवकर आली असती तर बरं झालं असतं, पण औषधानं आटोक्यात राहील.

“माझ्या खाण्यानं नाही झालं?” ताईनं विचारलं.

“नहीं. उससे नहीं हुआ.”

ताईनं मान हलवली आणि खाली बघत राहिली. हेच तर तिला ऐकायचं होतं. मला वाटलं, संपलं. ती मात्र उठली नाही.

“सर, वो निरोगीवाले में से मेरा नाम निकालो.”

डॉक्टर म्हणाले, माहिती आता पुढे गेली आहे, एका गटातून दुसऱ्या गटात हलवता येत नाही. तुम्हाला अभ्यासातून बाहेर पडायचा हक्क आहे, पण मग तुम्ही कुठल्याच गटात राहणार नाही. आणि फुकट उपचार अभ्यासातल्या रुग्णांना असतात. तुम्हाला इथंच, पण साध्या ओपीडीत, स्वतःच्या खर्चानं यावं लागेल.

“म्हणजे बिमारवाल्यांत मी नाहीच?”

“रिसर्च में नहीं.”

मी म्हणाले, “सर, ही चूक आमची नाही.” माझा आवाज फुटला, पण वाक्य पूर्ण झालं.

“मैं समझता हूँ,” ते म्हणाले.

ताईनं सही केली. कारण लिहायची गरज नाही असं त्यांनी सांगितलं. तिनं पेन खाली ठेवला नाही, समासात हिंदीत हळूहळू लिहिलं: मैं बीमार थी, किसी ने पूछा नहीं. डॉक्टरांनी वाचलं आणि कागद बाजूला सरकवला.

त्यानंतर मी संस्थेच्या कामावर गेले नाही. त्यांचं पुढचं शिबिर अभनपूरला होतं, त्यांना दुसरी मुलगी मिळाली. मी फोनवर तिला महिनाभर केस न काढण्याची सूचना सांगितली. ती म्हणाली, “दीदी, हमको तो बस नाप लेना बोले हैं.”

आमच्या पारात ताईनं स्वतः सांगितलं. नळावर पाणी भरायच्या वेळी, हनुवटीवरचे अजून न गेलेले केस दाखवून. आईही तिथंच हंडा लावून उभी होती, तिनं अडवलं नाही. काही बायका हसल्या. एक म्हणाली, “तुझं लगन मोडलं, आता आमच्या पोट्टीयचं मोडतं काय?” दोघीजणी मात्र संध्याकाळी मागच्या दारानं येऊन ओपीडीचा वार विचारून गेल्या. बाकीच्या बायका त्या अभ्यासात निरोगी आहेत, आणि निरोगी बाई कशी असते हे आता त्यांच्यावरून ठरणार आहे.